निम्मी क्षमता कोळशाबाहेरची झाली, मग रात्रीची वीज अजून कोळशाचीच का?

प्रश्न असा आहे की जुलै २०२५ मध्ये सरकारने जाहीर केलं, देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेतली ५० टक्के क्षमता आता कोळसा-गॅस सोडून बाकीच्या स्रोतांची झाली, मग प्रत्यक्षात तयार होणारी वीज अजून ७० टक्क्यांहून जास्त कोळशातूनच का येते, ही जुनी केंद्रं बंद का करत नाहीत, आणि मुळात आपल्याकडे कुठली कुठली केंद्रं आहेत नि कोण काय काम करतं. प्रश्न अगदी रास्त आहे आणि मला तो मनापासून आवडला, कारण माझी ३१ वर्षं याच कामात गेली, आधी औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्ट ड्युटी आणि नंतर लोड डिस्पॅचला, म्हणजे जिथे बसून कुठल्या केंद्राने किती वीज द्यायची ते दर १५ मिनिटांना ठरतं तिथे. दोन्ही बाजूंनी बघितलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी मेगावॅट आणि युनिट यातला फरक डोक्यात पक्का बसवा, कारण बातमीतला सगळा गोंधळ तिथेच आहे. मेगावॅट म्हणजे ताकद, युनिट म्हणजे केलेलं काम. वर्षात ८,७६० तास असतात. १ मेगावॅटचं मशीन वर्षभर एक सेकंदही न थांबता पूर्ण लोडवर चाललं तर ८७ लाख ६० हजार युनिट होतात. आता १ मेगावॅट सोलर घ्या, रात्र गेली, ढग गेले, सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन गेलं, वर्षाच्या शेवटी हातात साधारण १७ लाख युनिट पडतात, म्हणजे पाचवा हिस्सा. तेच १ मेगावॅट कोळशाचं आजच्या सरासरीने ६० लाखांच्या आसपास देतं आणि अणुऊर्जेचं नीट चालणारं मशीन ७० लाखांच्या पुढे जातं. म्हणजे क्षमतेच्या तक्त्यात १ मेगावॅट आणि १ मेगावॅट सारखे दिसले तरी वर्षाच्या हिशेबात एकाचे साडेतीन-चार पट होतात. २०२५ च्या मध्याला देशाची एकूण क्षमता साधारण ४ लाख ८५ हजार मेगावॅट होती, त्यात कोळसा नि लिग्नाइट २ लाख २० हजारांच्या आसपास, सोलर १ लाख १५ हजारांच्या आसपास, पवन ५० हजारांच्या थोडं वर, मोठे जलविद्युत प्रकल्प जवळपास तेवढेच, गॅस २० हजार, आणि अणुऊर्जा ९ हजारांच्या आतच. ५० टक्क्यांचं वाक्य खरं आहे, कोणी खोटं बोलत नाहीये, पण ते ताकदीचं वाक्य आहे, कामाचं नाही.

आणि खरं सांगू का, वर्षभराच्या युनिटचा हिशेबही अर्धाच आहे. लोड डिस्पॅचला बसलेल्या माणसाला वर्ष-बिर्ष काही दिसत नाही, त्याला आत्ताची घडी दिसते. वीज साठवून ठेवता येत नाही (बॅटरी आणि पंप्ड स्टोरेज सोडून, त्यावर खाली येतो), त्यामुळे देशात या क्षणी जेवढे पंखे, मोटारी, भट्ट्या चालू आहेत बरोबर तेवढीच वीज या क्षणी तयार व्हायला लागते. जास्त झाली तर फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या सेकंदाला होणाऱ्या आवर्तनांची संख्या, ५० हर्ट्झच्या वर जाते, कमी पडली तर खाली. आपल्याकडे ती ४९.९० ते ५०.०५ मध्ये ठेवायची असते. म्हणून कुठल्याही केंद्राबद्दल माझा पहिला प्रश्न "किती मेगावॅट" हा नसतो, "कधी देणार आणि सांगितल्यावर किती वेळात देणार" हा असतो. हा प्रश्न धरून एकेक स्रोत बघू.

कोळशापासून सुरू करतो कारण तिथेच वाढलो. ५०० मेगावॅटचा एक संच, म्हणजे बॉयलर, टर्बाइन नि जनरेटर मिळून एक पूर्ण मशीन, पूर्ण लोडवर चालला तर तासाला ३०० ते ३५० टन कोळसा खातो, म्हणजे दिवसाला साधारण ८ हजार टन, म्हणजे रोज दोन मालगाड्या, आमच्या भाषेत दोन रेक. चंद्रपूरचं केंद्र आज २,९२० मेगावॅटचं आहे, ते सगळं पूर्ण चालवायचं म्हटलं तर रोज १० ते १२ रेक रिकाम्या कराव्या लागतात, पाऊस असो, दिवाळी असो. आपल्या कोळशात राख ३० ते ४० टक्के, म्हणजे आलेल्या दर तीन रेकमागे एक रेकभर राखच परत उरते आणि ती कुठेतरी टाकायची असते. पाणी वेगळंच, दर युनिटला साधारण ३ लिटर धरा, ५०० च्या संचाला तासाला १५ लाख लिटर. परळीचं केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं ते आठवत असेल. कोळसा आहे, मशीन आहे, माणसं आहेत आणि पाणी नाही म्हणून सगळं गप्प. मराठवाड्यात औष्णिक केंद्र उभारताना पाण्याचा विचार जितका व्हायला हवा होता तितका झाला नाही, असं मला आजही वाटतं.

आत काय होतं ते थोडक्यात. कोळसा मिलमध्ये दळून पावडरसारखा होतो, गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकला जातो, तिथे भिंतींच्या नळ्यांमधल्या पाण्याची वाफ होते, ती ५४० अंशांपर्यंत तापवून टर्बाइनवर सोडतात, टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे फिरतं आणि त्याच शाफ्टवरचा जनरेटर वीज देतो. २१० मेगावॅटचे जुने संच आणि कोराडीचे ६६० चे नवीन सुपरक्रिटिकल संच यात तत्त्व एकच, पण नवीन संचात वाफेचं प्रेशर इतकं जास्त असतं की पाणी उकळण्याची पायरीच राहत नाही, सरळ वाफ, आणि त्यामुळे त्याच कोळशात जास्त युनिट निघतात. जुन्या २१० मध्ये तयार झालेल्या विजेतले ८-९ टक्के तर त्याच्याच पंख्यांना, पंपांना, मिलना लागतात.

आता महत्त्वाचं, कोळशाच्या संचाचा स्वभाव. तो जड आहे. तीन-चार दिवस बंद असलेला संच परत लावायचा तर बॉयलर पेटवल्यापासून ग्रीडला, म्हणजे देशभरच्या विजेच्या तारांच्या जाळ्याला, जोडला जाईपर्यंत ८ ते १२ तास जातात, कारण जाड लोखंड हळूहळूच तापवावं लागतं, घाई केली तर रोटर (आतला फिरता भाग) एका गतीने प्रसरण पावतो आणि केसिंग (बाहेरचं कवच) दुसऱ्या गतीने, नि ती दोन्ही एकमेकांना घासली तर संच महिनोन् महिने गेला समजा. एक ऑगस्टची रात्र अजून लक्षात आहे. २१० चा संच, बाहेर तीन दिवस सलग पाऊस, कोळसा इतका ओला की बंकरमधून खाली उतरेना, कामगार बाहेरून घण घालून घालून बंकर मोकळे करतायत, एक मिल गेली, मग दुसरी, आम्ही ऑइल गन लावून ज्वाला धरून ठेवायचा प्रयत्न करतोय आणि तेवढ्यात ज्वाला विझून बॉयलर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद. सेफ्टी व्हॉल्व्ह उडाल्याचा आवाज ज्याने ऐकलाय त्याला सांगायला नको, पोटात खड्डा पडतो. आमचे सीनियर ऑपरेटर होते, आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो, ते त्या गोंधळात पहिलं वाक्य काय बोलले तर "बॅरिंग गिअर बघ." म्हणजे टर्बाइन थांबल्यावर तो तापलेला शाफ्ट एका जागी राहू द्यायचा नाही, छोट्या मोटरने सावकाश फिरवत ठेवायचा, नाहीतर स्वतःच्या वजनाने आणि वरच्या-खालच्या तापमानाच्या फरकाने तो वाकतो आणि मग तो संच लवकर उठत नाही. संच गरम होता म्हणून पहाटेपर्यंत परत लागला. पण त्या रात्री मला कळलं की कोळशाचं केंद्र म्हणजे बटण नव्हे, ते जनावरासारखं सांभाळावं लागतं.

हे इतकं सांगायचं कारण, लोक म्हणतात दिवसा सोलर आहे तर कोळसा बंद करा आणि संध्याकाळी चालू करा. तसं होत नाही हो. दुपारी बंद केलेला संच चार तासांनी परत हवा असेल तर तो बंद न करता लोड कमी करून तेवत ठेवायला लागतो. आज नियमाप्रमाणे साधारण ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणतात, आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत न्यायचं ठरलंय. कागदावर सोपं वाटतं, पण कमी लोडवर ज्वाला अस्थिर होते, तेल जाळावं लागतं, रोज तापणं-निवणं होऊन नळ्यांना थकवा येतो आणि बॉयलर ट्यूब लीकेज वाढतात, आणि दर युनिटमागे कोळसाही जास्त लागतो. तरी हे करावंच लागणार आहे, त्यात माझं दुमत नाही, फक्त ते फुकट होत नाही हे माहीत असू द्या. चंद्रपूरच्या लोकांनी राखेची आणि धुराची जी किंमत मोजलीय ती मी जवळून बघितलीय. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांची यादी काढली त्यात चंद्रपूर अगदी वरच्या नंबरांत होतं. तिथली वीज ५०० केव्हीच्या एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या डीसी) लाइनने राज्याच्या दुसऱ्या टोकाला पडघ्याला येते आणि मुंबई-ठाण्याकडे वळते, राख मात्र तिथेच राहते. कोळसा कमी व्हायला हवा हे मी कोळशावर पोट भरलेला माणूस म्हणून सांगतोय.

देशातलं सगळ्यात मोठं कोळशाचं केंद्र मध्य प्रदेशातलं विंध्याचल, ४,७६० मेगावॅट, खाणीला लागूनच. खाणीच्या तोंडाशी असलेल्या केंद्राची वीज स्वस्त पडते, कारण रेल्वेचं भाडं नाही. रोज कुठलं केंद्र किती चालवायचं ते मेरिट ऑर्डरने ठरतं, म्हणजे ज्याचा इंधनाचा खर्च कमी तो आधी, महाग तो शेवटी. दिवसाचे १५-१५ मिनिटांचे ९६ ब्लॉक पडतात आणि प्रत्येक ब्लॉकचं शेड्युल आदल्या दिवशी बनतं, मग दिवसभर त्यात दुरुस्त्या चालूच. खाणीपासून लांबची केंद्रं बऱ्याचदा यादीत खाली राहतात आणि मागणी वाढली की त्यांना हाक मारली जाते.

आता पाणी. जलविद्युत म्हटलं की मला कोयनाच आठवतं आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या ग्रीडला मिळालेलं ते सगळ्यात मोठं वरदान आहे. एकूण १,९६० मेगावॅट, चार टप्पे आणि धरणाच्या पायथ्याचं छोटं वीजगृह, चौथा टप्पा एकटा १,००० मेगावॅटचा. शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून साडेचारशे मीटरहून जास्त खाली पोफळीच्या बाजूला सोडतात, तेच पाणी कोळकेवाडीला अडवून तिसऱ्या टप्प्यात परत वापरतात आणि मग ते वाशिष्ठीत जातं. १९९९ मध्ये चौथ्या टप्प्यासाठी लेक टॅपिंग केलं, म्हणजे तलाव रिकामा न करता खालून बोगदा नेऊन तळाचा खडक स्फोटाने उडवून पाणी आत घेतलं, आणि २०१२ मध्ये पुन्हा एकदा. ज्या इंजिनियरांनी ते केलं त्यांचं आजही कौतुक वाटतं.

पण कोयनेला रेशन आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. ढोबळ हिशेब करून बघा, एवढ्या पाण्यातून वरच्या आणि खालच्या दोन्ही टप्प्यांचं मिळून पावणेतीनशे कोटी युनिटच्या आसपास निघतात, आणि १,९६० मेगावॅट वर्षभर अखंड चालवले तर १,७०० कोटी युनिट व्हायला हवेत. म्हणजे कोयना पूर्ण ताकदीने वर्षाच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याएवढीच चालू शकते. मग एवढी मशीनं का बसवली? नेमकं हेच लोकांच्या लक्षात येत नाही. ती जास्त युनिट काढायला बसवलेलीच नाहीत, ती पाहिजे तेव्हा, पाहिजे तेवढी वीज एकदम मिळावी म्हणून बसवली. संध्याकाळी ७ ला दिवे लागले, कोळसा सगळा वर गेला, तरी कमी पडतंय, की कोयनेला फोन, काही मिनिटांत मशीन ग्रीडवर. रात्री उशिरा लोड उतरला की बंद. आम्ही लोड डिस्पॅचला कोयनेच्या पाण्याचा हिशेब घरखर्चासारखा ठेवायचो, जूनपासून पुढच्या मेपर्यंत पुरवायचं, मार्च-एप्रिलला शेतीचे पंप नि उन्हाळा एकदम येतो तेव्हा हात रिकामा नको.

पाण्याची ही चपळाई किती कामाची त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण ५ एप्रिल २०२०. लॉकडाऊनमध्ये पंतप्रधानांनी रात्री ९ वाजता ९ मिनिटं दिवे बंद करायचं आवाहन केलं होतं. ग्रीडच्या लोकांनी अंदाज बांधला होता १२-१४ हजार मेगावॅट लोड, म्हणजे मागणी, कमी होईल, प्रत्यक्षात कमी झाला साधारण ३२ हजार, १ लाख १७ हजारांवरून ८५ हजारांवर, वीस-पंचवीस मिनिटांत, आणि मग लगेच परत वर. ते शक्य झालं कारण जलविद्युत केंद्रं आधीच मुद्दाम चढवून ठेवली होती आणि त्या वेळात साधारण साडेसतरा हजार मेगावॅट एकट्या पाण्याने खाली घेतले. कोळशाच्या भरवशावर हे झालं नसतं, मिनिटाला १ टक्का लोड बदलणं हाच त्यांचा नियमाचा वेग, म्हणजे ५०० च्या संचाला मिनिटाला ५ मेगावॅट.

पाण्याचं अजून एक काम आहे जे चांगल्या दिवसात कोणाला दिसत नाही. ग्रीड पूर्ण अंधारात गेलं तर कोळशाचं केंद्र स्वतःहून सुरूच होऊ शकत नाही, कारण त्याचे पंखे नि पंप चालवायलाच आधी बाहेरून वीज लागते. जलविद्युत केंद्र मात्र एका छोट्या डिझेल सेटवर उठतं, मग ते वीज देऊन बाकीच्यांना उठवतं, याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. ३० जुलै २०१२ ला उत्तर, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व, ईशान्य असं सगळं ग्रीड कोसळलं, ६० कोटींहून जास्त लोक अंधारात, सुरुवात झाली बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही लाइनवर प्रमाणाबाहेर लोड येऊन ती ट्रिप होण्यापासून. आपलं पश्चिम ग्रीड तेव्हा वाचलं. त्या दोन दिवसांनंतर आमच्या क्षेत्रात कोणी फ्रिक्वेन्सीकडे हलकेपणाने बघितलं नाही. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाइन जोडली गेली आणि दक्षिण ग्रीडही बाकीच्या देशाशी एका सुरात आलं, तेव्हापासून काश्मीर ते कन्याकुमारी एकच फ्रिक्वेन्सी.

खोपोली (१९१५), भिवपुरी आणि भिरा ही टाटांची जलविद्युत केंद्रं तर कोयनेच्याही आधीची, मुंबईच्या गिरण्या नि लोकल त्यांच्यावर वाढल्या, आणि मुळशीत जमिनी गेलेल्या लोकांनी सेनापती बापटांबरोबर १९२१ पासून सत्याग्रह केला तोही याच विजेसाठीच्या धरणाविरुद्ध. वीज कुठलीही असो, कोणाची तरी जमीन, पाणी किंवा हवा त्यात गेलेली असते, हे विसरून गप्पा मारू नयेत.

अणुऊर्जा. तारापूर १ आणि २ हे १९६९ पासूनचे, अमेरिकन बनावटीचे उकळत्या पाण्याचे रिॲक्टर, नंतर तिथेच ५४० मेगावॅटचे दोन आपल्या बनावटीचे जड पाण्याचे आले. पुढे काक्रापारला ७०० चे, आणि कुडनकुलमला रशियन १,००० चे. जड पाण्याच्या रिॲक्टरमध्ये इंधन मशीन चालू असतानाच बदलता येतं, त्यामुळे ते थांबवायची गरजच कमी पडते, कैगाचा एक नंबरचा संच सलग ९६२ दिवस चालून २०१८ च्या शेवटी थांबला, तेव्हा तो जागतिक विक्रम होता. याचा स्वभाव असा की एकदा लावला की सपाट रेषेत चालू द्या, वर-खाली करायला सांगू नका. रात्री ३ वाजता जो तळाचा लोड उरतो तो उचलायला उत्तम. पण आहेत किती, तर देशाच्या एकूण विजेत ३ टक्क्यांच्या आसपास. उभारायला दहा-दहा वर्षं, पैसा प्रचंड, आणि जैतापूरसारख्या ठिकाणी लोकांची भीती नीट ऐकून न घेतल्यामुळे अडलेलं गाडं.

गॅसबद्दल फार लिहीत नाही कारण दुःखच जास्त आहे. संच चांगले, ओपन सायकलमध्ये (नुसतं गॅस टर्बाइन) अर्ध्या तासात लोड घेतात, कम्बाइंड सायकलमध्ये (गॅसच्या उरलेल्या उष्णतेवर वाफेचं टर्बाइनही) ५० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता, संध्याकाळच्या चढासाठी याहून बरं मशीन नाही. पण कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या गॅसचा अंदाज चुकला, २०१० नंतर उत्पादन भराभर घसरलं, आणि त्या भरवशावर उभी राहिलेली हजारो मेगावॅटची केंद्रं रिकामी बसली. आयात गॅस महाग. उरणचं ६७२ मेगावॅटचं केंद्रही मिळेल तेवढ्या गॅसवर चालतं.

आता सोलर आणि वारा. सोलरने गेल्या दहा वर्षांत जे केलंय ते मी नोकरीला लागलो तेव्हा कोणी सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. राजस्थानातल्या भडल्याला एकाच पार्कमध्ये २,२४५ मेगावॅट. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २ लाख ५० हजार मेगावॅटवर गेली, तोवरचा विक्रम, आणि तो दुपारच्या उन्हात आला म्हणून सोलरने मोठा भार उचलला, पंधरा वर्षांपूर्वी अशा दुपारी आम्ही लोडशेडिंगच्या याद्या काढत बसायचो. शेतीच्या फीडरवर (शेतीपंपांना वीज नेणाऱ्या लाइनवर) दिवसा सोलरची वीज द्यायची योजना आहे ती तर मला मनापासून पटते, रात्री २ वाजता साप-विंचवाच्या भीतीत पाणी धरायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं हा फक्त विजेचा प्रश्न नाही.

पण त्याच मे महिन्यात रात्री साडेदहाला काय होतं? मागणी २ लाख २० हजारांच्या वर, एसी चालू, आणि सोलर शून्य. संध्याकाळी ५ ते ८ या तीन तासांत देशभरचं सोलर उतरतं आणि घराघरातला लोड चढतो, दोन्ही एकदम, तो खड्डा दुसऱ्या कोणीतरी भरायचा असतो, आणि आज तो भरतो कोळसा आणि पाणी मिळून. तुमच्या प्रश्नाचं मुख्य उत्तर हेच तीन तास आणि त्यानंतरची रात्र. शिवाय एक तांत्रिक बाब, कोळशाचा, पाण्याचा, अणूचा जनरेटर म्हणजे कित्येक टनांचा फिरता लोखंडी गोळा, अचानक कुठे मोठा संच गेला तर तो स्वतःच्या वेगातली ऊर्जा देऊन पहिले काही सेकंद फ्रिक्वेन्सी सावरतो, बाकीच्यांचे गव्हर्नर (टर्बाइनचा वेग सांभाळणारी यंत्रणा) हलेपर्यंत. सोलर इन्व्हर्टरमधून येतं, त्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ते सेकंद दुसरीकडून आणावे लागतात.

वाऱ्याला मात्र लोक कमी लेखतात असं मला वाटतं. साताऱ्यात चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर, धुळ्यात ब्राह्मणवेलला गेलात तर बघा, जून ते सप्टेंबर ते पंखे जोरात फिरतात, म्हणजे बरोबर त्याच काळात जेव्हा ढगांमुळे सोलर पडलेलं असतं आणि कोयनेत पाणी भरत असतं. आणि वारा रात्रीही असतो. तोटा एवढाच की तासागणिक बदलतो, अंदाज चुकला की शेड्युल बिघडतं. हिवाळ्यात साखर कारखान्यांची बगॅसवरची, म्हणजे उसाच्या चिपाडांवरची, वीज येते, ती थोडी असली तरी गाळपाच्या हंगामात ठरलेली असते, आम्हाला ती आवडायची.

राहिली साठवण. जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे पंप्ड स्टोरेज, वर एक तलाव खाली एक तलाव, दुपारी स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी खाली सोडून वीज काढायची, १०० युनिट घातले तर ७५-८० परत मिळतात. आपल्याकडे घाटघर २५० मेगावॅट आणि भिरा १५० मेगावॅट आहेत, पश्चिम बंगालात पुरुलिया ९०० चं. सह्याद्रीचा कडा म्हणजे कमी अंतरात एवढी मोठी उंची, अशी जागा देशात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि आपण इतकी वर्षं तिचा उपयोग जवळजवळ केलाच नाही याची मला खंत आहे. बॅटऱ्या आता झपाट्याने स्वस्त होतायत, दोन ते चार तासांसाठी त्या उत्तम, सेकंदात प्रतिसाद देतात, फ्रिक्वेन्सीला तर फारच चांगल्या. पण पावसाळ्यात चार दिवस सलग ढग आणि वाराही पडलेला, अशा वेळी चार तासांची बॅटरी पुरत नाही, तिथे पाणी, अणू आणि काही काळ तरी कोळसाच.

म्हणून जुनी केंद्रं बंद करा म्हणणाऱ्यांना मी नाही म्हणत नाही, फक्त क्रम विचारतो. माझ्या मते आधी जावेत ते २१० चे जुने संच, ज्यांची स्वतःची भूक ८-९ टक्के आहे आणि कोळसा जास्त जाळतात, त्यातही जिथे पाण्याची मारामार आहे ते सगळ्यात आधी. ५०० चे संच दिवसा ४० टक्क्यांवर आणून रात्रीसाठी ठेवावेत, त्यासाठी लागणाऱ्या दुरुस्त्यांना पैसे द्यावेत आणि कमी लोडवर चालवणाऱ्या ऑपरेटरना नीट ट्रेनिंग द्यावं. आणि हे होतही आहे, कोणी सांगत नाही एवढंच. चंद्रपूरला पूर्वी २१० चे चार संच होते, त्यातले पहिले दोन कायमचे बंद झाले, आणि ग्रीडला धक्का लागला नाही कारण त्याच आवारात ५०० चे दोन नवीन संच उभे राहिले. उरलेले दोन २१० जातील तेव्हा त्यांच्या जागी परत कोळसाच येऊ नये. ते दोघं मिळून रात्री ८ वाजता जे ४२० मेगावॅट देतात, तेवढे संध्याकाळी ७ पासून रात्री १२ पर्यंत देऊ शकणारं घाटघरसारखं एखादं वीजगृह आधी चालू व्हावं, एक पूर्ण पावसाळा आणि एक उन्हाळा त्याला ग्रीडवर बघावं, आणि मग त्या दोन संचांचं शेवटचं लोड उतरवावं.